अतिवास्तव चित्रातील स्त्री वाचताना: नव्या रसिकांसाठी पायरीपायरीने

चित्रातल्या स्त्रीच्या मानेवर चेहऱ्याऐवजी पाखरांचा थवा असतो, तिच्या पायांतून मुळे फुटून जमिनीत उतरलेली असतात, किंवा तिच्या छातीत एक छोटी खिडकी उघडी असते. असे चित्र प्रथमच समोर आले की नवा प्रेक्षक बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट करतो. एक तर ‘हे आपल्याला कळणारे नव्हे’ म्हणून तो पुढे सरकतो, नाही तर पाखरे म्हणजे स्वातंत्र्य, मुळे म्हणजे बंधन आणि खिडकी म्हणजे आशा असे चटकन भाषांतर करून मोकळा होतो. मला दुसरी चूक अधिक गंभीर वाटते, कारण पहिल्या चुकीत चित्र निदान जसेच्या तसे शिल्लक राहते, तर दुसरीत त्याच्या जागी तीन शब्द उरतात. या लेखात सांगितलेली पद्धत एका साध्या आग्रहावर उभी आहे: चित्रातील वस्तूंचा अर्थ शोधण्याआधी त्यातील क्रियापदे शोधावीत. स्त्रीच्या अंगावर, हातात आणि भोवती काय आहे हे नंतर पाहावे, आणि ती काय करते आहे व तिच्याबाबत काय केले जात आहे हे आधी पाहावे.

उदाहरणासाठी एक चित्र कल्पिले आहे. ते कोणाही चित्रकाराचे नाही, पण अशा चित्रांत जे घटक पुन्हा पुन्हा येतात ते त्यात आहेत. दार नसलेल्या एका उंच खोलीत एक स्त्री आपल्याकडे पाठ करून जमिनीवर बसली आहे. तिच्या हातात सुई आहे आणि जमिनीवर पसरलेली सावली ती आपल्या झग्याच्या काठाला शिवते आहे. ती सावली स्त्रीच्या आकाराची नसून लांब मानेच्या बगळ्याची आहे. स्त्रीची वेणी पाठीवरून खाली उतरते, खिडकीच्या चौकटीवरून बाहेर पडते आणि बाहेर गेल्यावर नदी होते. जमिनीवर एक हातआरसा पडला आहे, त्यात तिचा चेहरा दिसतो आणि त्या चेहऱ्याचे डोळे मिटलेले आहेत. खोलीतला उजेड खिडकीतून येत नाही. तो लाकडी जमिनीच्या फळ्यांमधील फटींतून वर येतो.

पहिली पायरी: विशेषणांशिवाय नोंद

कागद घ्यावा आणि चित्रासमोर निदान दहा मिनिटे बसावे. जे दिसते ते नाम आणि क्रियापद एवढ्यांतच लिहावे, विशेषण लिहू नये. ‘एकाकी स्त्री बसली आहे’ असे लिहिले की निकाल लागून जातो. ‘स्त्री पाठ करून बसली आहे’ असे लिहिले तर प्रश्न उघडा राहतो, कारण पाठ करून बसणारी व्यक्ती एकाकी असू शकते, कामात गढलेली असू शकते, रुसलेली असू शकते किंवा पाहणाऱ्याची तिला फिकीर नसू शकते. नोंद करताना चारही कोपऱ्यांतून नजर फिरवावी. चित्रकाराने कोपऱ्यात ठेवलेली वस्तू पहिल्या नजरेत निसटते, आणि पुष्कळदा मधली आकृती कशी वाचावी हे तिथूनच कळते.

दुसरी पायरी: नेमके काय मोडले आहे?

अतिवास्तववाद ही चळवळ म्हणून १९२४ साली पॅरिसमध्ये फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ यांच्या जाहीरनाम्याने आकाराला आली. स्वप्न आणि जाग यांच्यातली भिंत पाडावी आणि नेणिवेला विवेकाच्या पहाऱ्याविना बोलू द्यावे ही तिची ओढ होती, आणि त्यामागे मनोविश्लेषक फ्रॉइड यांचे स्वप्नांविषयीचे विवेचन होते. फ्रॉइड यांनी सांगितलेल्या दोन प्रक्रिया चित्र पाहताना आजही उपयोगी पडतात. स्वप्नात अनेक माणसे किंवा वस्तू एकाच प्रतिमेत दाटून येतात, हे संक्षेपण. आणि एका गोष्टीविषयीची तीव्र भावना दुसऱ्याच किरकोळ गोष्टीवर जाऊन बसते, हे विस्थापन. स्त्री आणि बगळा एका आकृतीत एकत्र आले तर ते संक्षेपण म्हणून पाहावे, आणि चेहऱ्यापेक्षा सुईच अधिक बारकाईने, अधिक प्रेमाने रंगवलेली असेल तर विस्थापनाची शंका घ्यावी.

येथे अद्भुतरम्य चित्र आणि अतिवास्तव चित्र यांतला फरक ध्यानात ठेवावा. अद्भुतरम्य जगाला स्वतःचे नियम असतात. तिथे पंख असलेली स्त्री ही त्या जगाची रीतसर रहिवासी असते. अतिवास्तव चित्र ओळखीच्या खोलीत, ओळखीच्या फर्निचरमध्ये एकच अशक्य गोष्ट आणून ठेवते आणि तिचे स्पष्टीकरण देत नाही. आजची अनेक चित्रे या दोन्हींचे मिश्रण असतात, म्हणून कोणता नियम पाळला आहे आणि कोणता मोडला आहे याची यादी करावी. आकाराचे प्रमाण बदलले आहे का? वस्तूची जागा बदलली आहे का? की द्रव्यच बदलले आहे? मेरेट ओपेनहाइम यांनी १९३६ साली एक कप, बशी आणि चमचा यांवर प्राण्याची लव चढवली. कप जागच्या जागी होता, आकारही तोच होता, पण पाहणाऱ्याच्या ओठांना केस लागल्याचा भास व्हावा एवढा बदल द्रव्याने घडवला. आपल्या उदाहरणात वेणीचे पाणी होते, म्हणजे येथेही द्रव्यच बदलते. मात्र ते बदलते खिडकीच्या चौकटीवर, खोलीच्या आत नव्हे. हा तपशील कागदावर उतरवून ठेवावा, त्याचे काम पुढे पडणार आहे.

तिसरी पायरी: क्रियापदे

हीच खरी मध्यवर्ती पायरी आहे, म्हणून येथे घाई करू नये. प्रत्येक क्रियापदासमोर कर्ता कोण आणि कर्म कोण हे लिहावे.

रेने माग्रीत यांच्या १९३४ च्या एका प्रसिद्ध चित्रात स्त्रीच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी स्तन, नाकाच्या जागी बेंबी आणि तोंडाच्या जागी जननांग आहे. त्या चित्रात ती काहीही करत नाही. तिच्याबाबत सगळे केले गेले आहे. तिला पाहता येत नाही, बोलता येत नाही, आणि चेहरा नाहीसा होऊन त्याच्या जागी देह आला आहे. चित्राच्या शीर्षकाचा अर्थच बलात्कार असा आहे, त्यामुळे ते स्त्रीला केवळ देह मानणाऱ्या नजरेवर आरोप करते की स्वतःच त्या नजरेने पाहते, हा वाद संपलेला नाही. आपण कोणतीही बाजू घेतली, तरी युक्तिवादाची सुरुवात व्याकरणातूनच होते: स्त्री येथे कर्म आहे.

याच्या शेजारी डोरोथिया टॅनिंग यांचे १९४२ चे आत्मचित्र ठेवावे. त्यात उघड्या छातीची स्त्री उभी आहे, तिच्या वस्त्रातून मुळांसारख्या फांद्या लोंबतात, पायाशी पंख असलेला एक विचित्र प्राणी आहे आणि मागे एकामागे एक दारे उघडत गेली आहेत. देह येथेही उघडा आहे. पण तिचा हात दाराच्या मुठीवर आहे. दार तिने उघडले आहे, की ती ते बंद करणार आहे, हे चित्र सांगत नाही. मूठ तिच्या हातात आहे एवढे मात्र निश्चित सांगते. रेमेदियोस वारो यांच्या १९५७ च्या चित्रात घुबडाचे रूप घेतलेली एक आकृती मेजापाशी बसून पक्षी रंगवते. तिच्या कुंचल्याची तार गळ्यातल्या छोट्या तंतुवाद्याला जोडलेली आहे, दुसऱ्या हातातल्या त्रिकोणी भिंगातून आकाशातला प्रकाश कागदावर पडतो, आणि रंगवलेले पक्षी जिवंत होऊन उडू लागतात. येथे पक्षी म्हणजे स्वातंत्र्य एवढेच म्हणून थांबलो, तर तंतुवाद्य, भिंग आणि ते शांत, एकाग्र काम सगळेच हातचे जाते. ती आकृती पक्ष्यांना सोडत नाही, त्यांना घडवते. सोडणे आणि घडवणे या दोन क्रियापदांत स्त्रीच्या ओळखीविषयीच्या दोन पूर्ण वेगळ्या कल्पना दडलेल्या आहेत.

फ्रिदा काहलो यांच्या १९३९ च्या दुहेरी आत्मचित्रात एकच स्त्री दोनदा बसली आहे. एकीने युरोपीय धाटणीचा पांढरा पोशाख घातला आहे, दुसरीने मेक्सिकोतील तेहुआना स्त्रियांचा. दोघींची हृदये उघडी दिसतात आणि एक रक्तवाहिनी त्यांना जोडते. दुसरीच्या हातात काहलो यांचे पती दिएगो रिव्हेरा यांची बालपणीची एक इवलीशी प्रतिमा आहे. नवखा प्रेक्षक ‘दुभंगलेले मन’ असे लिहून थांबतो. क्रियापदे मोजणारा प्रेक्षक मात्र आणखी पुढे जातो: दोघी एकमेकींचा हात धरतात, पांढऱ्या पोशाखातली शस्त्रक्रियेच्या चिमट्याने तुटलेली वाहिनी दाबून धरते, आणि तरीही रक्त तिच्या झग्यावर ठिबकत राहते. धरणे, दाबणे, ठिबकणे. त्या वर्षी काहलो आणि रिव्हेरा यांचा घटस्फोट झाला होता हे खरे आहे, आणि तो संदर्भ टाळण्याचे कारण नाही; पण चित्रातला दिलासा पतीकडून येत नाही, तो तिच्याच दुसऱ्या रूपाच्या हातातून येतो, हे चरित्राने नव्हे तर चित्राने सांगितले आहे.

आता आपले उदाहरण. शिवणे हे त्यातले मुख्य क्रियापद, कर्ता स्त्री, कर्म सावली. शिवण जोडते, फाटलेले सांधते, भोक झाकते, आणि टाका घट्ट बसला तर हालचालही रोखते. यांपैकी कोणता अर्थ घ्यावा हे या टप्प्यावर ठरवू नये. मराठीत शिवणे म्हणजे स्पर्श करणेही असते, त्यामुळे ती सावलीला शिवते आहे हे वाक्य आपल्या कानांना दुहेरी ऐकू येते. चित्रकार मराठी असेलच असे नाही, म्हणून हा योगायोग पुरावा ठरत नाही. तथापि स्वतःच्या भाषेने दाखवलेली वाट एकदा चालून पाहायला हरकत नसते. सावलीला कधी हात लागत नाही, आणि ही स्त्री तिच्यातून सुई आरपार नेते आहे.

चौथी पायरी: कोण कोणाकडे पाहते?

१९२९ च्या डिसेंबरमध्ये अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकात एक पान छापले गेले. मधोमध माग्रीत यांनी रंगवलेली नग्न स्त्री, तिच्या वर आणि खाली मिळून ‘मला अरण्यात लपलेली ... दिसत नाही’ अशा अर्थाचे वाक्य, ज्यात ‘स्त्री’ या शब्दाच्या जागी तिची आकृतीच आहे, आणि भोवती चळवळीतील सोळा पुरुषांची डोळे मिटलेली छायाचित्रे. ते एक पान नीट पाहिले तरी या चळवळीतील स्त्रीचे स्थान समजायला मोठी मदत होते. ती स्वप्नाचा मध्यबिंदू आहे, शब्दाऐवजी वापरलेली प्रतिमा आहे, आणि तिच्याभोवतीचे सगळे जण तिच्याकडे न पाहता तिला आपल्या आत पाहत आहेत.

या परंपरेत वावरलेल्या स्त्री चित्रकारांनी नजरेची दिशा बदलली. लिओनोरा कॅरिंग्टन यांच्या १९३७-३८ च्या आत्मचित्रात विस्कटलेल्या केसांची स्त्री खुर्चीत बसून थेट आपल्याकडे पाहते, आणि तिच्यासमोर उभे असलेले तरसही आपल्याकडेच पाहते; भिंतीवर झुलता लाकडी घोडा तरंगतो आणि खिडकीबाहेर खरा पांढरा घोडा दौडतो. प्रेक्षक तेथे पाहणारा राहत नाही, पाहिला जाणारा होतो. म्हणून कोणत्याही चित्रात नजरांच्या रेषा पेन्सिलीने आखून पाहाव्यात. स्त्री आपल्याकडे पाहते का, स्वतःकडे पाहते का, की तिला पाहता यावे असे डोळेच दिलेले नाहीत? आरसा असेल तर तो तिच्यासाठी धरलेला आहे की आपल्यासाठी, हेही विचारावे. आपल्या उदाहरणातील आरसा जमिनीवर पडला आहे आणि तिचे डोळे मिटलेले आहेत, म्हणजे त्यात ती पाहत नाही. फक्त आपणच पाहतो. तिने पाठ करून जे आपल्याला नाकारले ते आरसा आपल्याला देतो, आणि त्यातही मिटलेल्या पापण्यांखेरीज काही मिळत नाही. त्या पानावरच्या पुरुषांचे डोळे स्त्रीची प्रतिमा आत पाहण्यासाठी मिटलेले होते. येथे मिटलेले डोळे तिचे स्वतःचे आहेत, आणि हात काम करत आहेत.

पाचवी पायरी: उजेड आणि जागा

ही पायरी नवे लोक हमखास गाळतात. उजेड कुठून येतो हे बोटाने दाखवावे आणि सावल्या त्या उजेडाशी जुळतात का ते तपासावे. आपल्या चित्रात उजेड जमिनीखालून वर येतो. तसे असेल तर स्त्रीची सावली वर, छताकडे पडायला हवी. जमिनीवर ती पडूच शकत नाही. याचा अर्थ असा की ज्याला आपण इतका वेळ तिची सावली म्हणत होतो ती तिच्या देहाने पाडलेली नाहीच. ‘हरवलेली सावली स्त्री परत जोडते आहे’ हे सोपे वाचन येथे कोसळते. जमिनीवरची काळी आकृती स्वतंत्र आहे, बाहेरून आलेली आहे, आणि स्त्री तिला आपलीशी करते आहे. एका दिव्याची दिशा तपासल्याने अर्थ उलटू शकतो, म्हणून ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी सोडू नये.

सहावी पायरी: प्रतीके, पण आता

प्रतीकांचे कोश वाचायला मनोरंजक असतात, मात्र त्यांत सापडलेला अर्थ चित्राला लागू आहे की नाही हे फक्त चित्रच सांगू शकते. बगळा एके ठिकाणी संयमाचा पक्षी मानला जातो, तर आपल्या भाषेत बगळ्याचे ध्यान म्हणजे ढोंग. दोन्ही बाजूला ठेवून चित्रातील शेजार पाहावा. बगळा हा पाण्याकाठचा पक्षी आहे, आणि चित्रात पाणी एकाच ठिकाणी आहे: वेणीतून निघालेल्या नदीत, खिडकीबाहेर. म्हणजे जिथे तिचा एक भाग आधीच पोहोचला आहे, तिथला पक्षी ती आपल्या झग्याला जोडून घेते आहे. दार नसलेल्या खोलीत हे काय चालले असेल, याचा अंदाज आता कोशाशिवाय बांधता येतो.

सातवी पायरी: संदर्भ

शीर्षक, चित्रकाराचे निवेदन आणि चित्राचा हेतू ही माहिती मुद्दाम उशिरा घ्यावी, कारण ती आधी वाचली तर डोळे तेच शोधू लागतात. चित्र स्वतंत्र आहे, की कथेसाठी, मुखपृष्ठासाठी, भित्तिपत्रकासाठी काढलेले आहे? मुखपृष्ठावरचा वरचा रिकामा भाग स्त्रीचे एकटेपण दाखवण्यासाठी नव्हे, तर शीर्षकाची अक्षरे बसवण्यासाठी सोडलेला असू शकतो. संगणकाने आपोआप तयार केलेल्या चित्रात सहावे बोट हे रूपक नसून यंत्राची चूक असू शकते, आणि त्यावर लिहिलेला सुंदर परिच्छेद वाया जातो. चित्रकाराचा शब्द महत्त्वाचा आहे, पण अखेरचा नाही. ब्रेताँ १९३८ साली मेक्सिकोला गेले तेव्हा त्यांनी काहलो यांना आपल्या चळवळीच्या मानले. काहलो यांनी मात्र आपण स्वप्ने नव्हे तर स्वतःचे वास्तव रंगवतो अशी भूमिका घेतली. शिक्का कोणी मारला आणि कोणी नाकारला, ही माहितीही वाचनाचा भाग होते.

आठवी पायरी: अर्थ लिहून तपासणे

आता पाच-सहा वाक्यांत आपला अर्थ लिहावा आणि त्याला काही प्रश्न विचारावेत. प्रत्येक विधानामागे चित्रातील कोणती जागा आहे? कोणता तपशील या अर्थाच्या विरोधात जातो? आणि विषय स्त्रीच्या ओळखीचा आहे म्हणून आणखी एक प्रश्न, जो मला सर्वांत उपयोगी वाटतो: या स्त्रीच्या जागी पुरुष बसवला तर चित्रातले काय नाहीसे होईल? काहीच नाहीसे होत नसेल, तर चित्र माणसाच्या एकटेपणाविषयी किंवा स्मृतीविषयी असेल, आणि त्यावर स्त्रीत्व लादणे अन्यायाचे ठरेल. काही नाहीसे होत असेल, तर ते नेमके कुठे आहे ते पाहावे: देहात, सोपवलेल्या भूमिकेत, की तिच्याकडे पाहण्याच्या सवयीत. ‘स्त्रीची ओळख’ हा मोघम शब्द वापरण्याऐवजी यांपैकी काय ते नाव घेऊन लिहावे. दुःख किंवा मुक्ती या दोनच खणांत प्रत्येक चित्र बसवण्याचा मोहही येथेच आवरावा.

आपल्या उदाहरणावर ही कसोटी लावली तर सुई, वेणी आणि आरसा हे तीन घटक बदलतात. शिवणकाम हे बाईचे काम, लांब केस हे बाईचे रूप आणि आरसा ही बाईची वस्तू, अशी जुनी वाटणी चित्रकाराने जमेस धरली आहे, आणि तिन्ही वस्तूंचे काम फिरवले आहे. त्यावर मी असे लिहीन: ‘नीटनेटके, गृहिणीपणाचे म्हणून शिकवलेले काम ही स्त्री स्वतःच्या देहाची सीमा बदलण्यासाठी वापरते. तिचे केस शोभा म्हणून बांधलेले दिसतात, पण चौकट ओलांडताच पाणी होऊन वाहतात. ती आरशात पाहत नाही, त्यामुळे आपण कशा दिसतो हा प्रश्न तिच्यापुरता बाजूला पडला आहे. ती स्वतःची हरवलेली सावली शोधत नाही. जी तिची नव्हती ती पाणपक्ष्याची आकृती ती टाक्याटाक्याने स्वतःची करते आहे.’

या अर्थाच्या विरोधात जाणारा तपशील शिवणीतच आहे. सावली झग्याला जोडली जात आहे, अंगाला नाही. झगा उतरवला की बगळाही उतरेल. शिवाय जमिनीखाली काय पेटले आहे याचा उलगडा वरच्या पाच वाक्यांत कुठेही झालेला नाही. या दोन्ही नोंदी खोडू नयेत, अर्थाच्या खाली तारखेसह लिहून ठेवाव्यात, आणि काही दिवसांनी तेच चित्र पुन्हा उघडून आधी फळ्यांच्या फटींकडे पाहावे.